मारुती ८०० इलेक्ट्रिक केलीये, आता मोठी मोटर टाकायची? मग आधी ही तयारी

ज्यांनी जुनी मारुती ८०० घरच्या घरी इलेक्ट्रिक केलीये, ७२ व्होल्टवर सपाटीला बरी पळते पण चढ लागला की जीव काढते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिलं काम म्हणजे मोटरचे भाव बघणं बंद करा. किती मोठी मोटर चालेल हे गाडीचं वजन, गिअरबॉक्स आणि बॅटरी ठरवतात, त्यामुळे सुरुवात तिथूनच.

गाडी ट्रकच्या वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडीचं वजन, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. दहा-वीस किलो इकडेतिकडे होईल, होऊदे. मूळ गाडी साधारण साडेसहाशे किलोची, त्यात बॅटरी आणि चार माणसं धरली की ११०० पर्यंत जाते, म्हणून हिशोब ११०० वरच करायचा, एकटा ड्रायव्हर धरून केलेला हिशोब खंबाटकी घाटात उघडा पडतो.

आता चढाचा हिशोब. १० टक्के चढ, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की १० मीटर वर. ११०० किलोला तिथे चाकाशी साधारण १२०० न्यूटन जोर लागतो, टायरचं घर्षण धरून. ताशी ४० नी चढायचं तर चाकावर १३ किलोवॅटच्या वर आणि वाटेतला लॉस धरला तर बॅटरीतून १६ च्या आसपास. ७२ व्होल्टला हे म्हणजे २२० अँपिअर, आणि तेसुद्धा थोडा वेळ नाही, घाट संपेपर्यंत सलग! वायर तापणार, लग (वायरच्या टोकाचे जोड) तापणार, मोटरला करंट मोजून देणारा कंट्रोलर हात वर करणार. तेच बॅटरी पॅक १४४ व्होल्टचं केलं तर करंट निम्मा आणि त्याच केबलमधली उष्णता एक चतुर्थांश होते. माझं स्पष्ट मत आहे की मोटर मोठी करण्याआधी व्होल्टेज वाढवायचा प्लॅन करा.

१४४ साठी एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट) ४५ सेल सिरीजमध्ये लागतात, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तेच पॅक १६४ व्होल्ट दाखवतं, त्यामुळे कंट्रोलरवर '१४४ व्होल्ट' छापलंय एवढ्यावर जाऊ नका, त्याचं मॅक्सिमम किती ते विचारा. फ्यूज आणि कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) डीसी रेटिंगचेच घ्या, एसीचा फ्यूज डीसीचा आर्क, म्हणजे सर्किट तुटताना उठणारी ठिणगी, विझवेलच असं नाही. प्रीचार्ज रेझिस्टर (सुरुवातीला कंट्रोलरला करंट हळूहळू देणारा) विसरू नका नाहीतर पहिल्याच चावीला कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटतील. आणि ६० व्होल्ट डीसीच्या वर जिवाचा धोका धरतात, म्हणजे तुमचं ७२ सुद्धा त्यात होतंच.

गिअरबॉक्सवर मात्र जरा वेळ घालवा. ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन ६० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क (फिरवायचा जोर) देतं आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ड्राइव्ह शाफ्ट सगळे त्याच मापाने बनवलेत. परदेशातली मंडळी निसान लीफची मोटर टाकतात ते बघून आपल्यालाही मोह होतो, पण २०१० च्या लीफची मोटर २८० न्यूटन मीटरची आहे आणि इलेक्ट्रिक मोटर हा टॉर्क शून्य आरपीएमपासूनच देते, पहिल्या गिअरमध्ये पाय दाबला की गिअरचे दात गेलेच समजा. मोठी मोटर घेतलीच तर कंट्रोलरमध्ये टॉर्क लिमिट बांधता येतं का ते आधी बघा.

गिअरचा रेशो, म्हणजे चाक एकदा फिरायला मोटर किती वेळा फिरते, पुस्तकातून घेऊ नका, स्वतः मोजा, कारण जुन्या गाडीत कोणता गिअरबॉक्स बसलाय देव जाणे. एक पुढचं चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर, गाडी गिअरमध्ये, मोटर काढलेली, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला (जिथे मोटर जोडतात) खडूची खूण. उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा (दुसरं चाक अडलेलं असलं की डिफरन्शियलमुळे हे दुप्पट फिरतं, म्हणून दोन) आणि तेवढ्यात इनपुट शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजा, तोच एकूण रेशो. प्रत्येक गिअरचा काढून वहीत लिहा. १२ इंची १४५/८० टायरचा घेर साधारण १.६८ मीटर, त्यामुळे ताशी ८० ला चाक ७९० आरपीएमने फिरतं, रेशो ६ आला तर मोटर ४७५० वर आणि साडेनऊ आला तर ७५०० वर. आधी सांगितलेल्या १० टक्के चढाला ६ च्या रेशोत मोटरकडून सलग साधारण ६० न्यूटन मीटर लागतील, साडेनऊमध्ये ३८. हे आकडे मोटरच्या कंटिन्युअस (सलग देता येणाऱ्या) रेटिंगशी जुळवायचे, पीकशी नाही, पीक बऱ्याचदा मिनिटभरासाठीच असतं आणि घाट काही मिनिटभरात संपत नाही.

मोटर गिअरबॉक्सला बसवणारी अडॅप्टर प्लेट आणि दोन्हींचे शाफ्ट जोडणारा कपलर चांगल्या लेथवाल्याकडूनच, कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत असे कारागीर मिळतात. जुन्या क्लच प्लेटचा मधला स्प्लाइनवाला (आतून खाचा असलेला) गोल तुकडा कपलरसाठी वापरता येतो, तेव्हा ती प्लेट भंगारात देऊ नका. डायल गेज लावून सेंटर तपासून घ्या, 'डोळ्याने बरोबर दिसतंय' म्हणाला तर दुसरा लेथवाला शोधा, कारण अलाइनमेंट चुकलं की आधी आवाज येतो मग बेअरिंग जातं. रीजेन (ब्रेकिंगमध्ये मोटरनेच वीज बनवून बॅटरी भरणं) वापरणार असाल तर माउंटिंगला दोन्ही बाजूंनी धक्के बसतात, त्यामुळे रबर नवीन टाका, सीव्ही जॉइंटचे बूट बघा, ऑइल सील आणि गिअर ऑइल तर गिअरबॉक्स उघडलाय तेव्हाच बदलून घ्या. ब्रेकला बूस्टर असेल तर इंजिनाचा व्हॅक्यूम आता नाही, इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप लागेल.

परमनंट मॅग्नेट मोटर घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, उतारावर चुकून खालचा गिअर पडला आणि मोटर लिमिटच्या वर फिरली तर तिचाच व्होल्टेज उलटा येऊन कंट्रोलर उडवू शकतो. आणि लोणावळ्यात १०० टक्के चार्ज करून खोपोलीकडे उतरायला निघालात तर रीजेनची वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते, बीएमएस (बॅटरी सांभाळणारी सिस्टीम) रीजेन बंद करणार आणि सगळा भार ब्रेकवर. अशा वेळी चार्ज थोडा कमीच ठेवायचा.

राहिले कागद. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने असे बदल करून ती रस्त्यावर आणता येत नाही. इलेक्ट्रिक किटला एआयएस-१२३ या वाहन मानकाप्रमाणे मान्यता लागते, ती पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणी संस्था तपासून देतात, आणि मग आरटीओ आरसीवर नोंद करतं. ७२ च्या सेटअपची नोंद असली तरी मोटर आणि व्होल्टेज बदललं की प्रश्न नव्याने येतो, इन्शुरन्सवाले तर क्लेमच्या वेळी नेमकं हेच काढतात. आरटीओत आणि इन्शुरन्स कंपनीत पैसे खर्च करायच्या आधी जाऊन विचारा, शक्यतो उत्तर लेखी घ्या, आणि नोंद होईपर्यंत टेस्टिंग प्रायव्हेट जागेतच, तेही आधी चाकं स्टँडवर उचलून आणि टॉर्क लिमिट अगदी कमी ठेवून.