गाडीचा इंडिकेटर बिघडल्यास दोष कसा शोधावा

इंडिकेटर लागेनासा झाला की बहुतेक जण आधी नवा बल्ब आणतात आणि तो बसवूनही दिवा पेटला नाही की गॅरेजचा रस्ता धरतात. ठाणे आणि नवी मुंबईत, विशेषतः खाडीच्या बाजूला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत, बल्बइतकाच संशय होल्डरमधील गंजावर आणि कमकुवत अर्थिंगवर, म्हणजे प्रवाह गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीवर, घ्यायला हवा. खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा परिणाम पितळी टर्मिनलवर आणि पत्र्यावरील अर्थिंगच्या बोल्टवर हमखास होतो. म्हणून पान्याला हात लावण्यापूर्वी बिघाड नेमका कसा दिसतो हे नीट पाहून घ्यावे, कारण निम्मे निदान तिथेच होते.

गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीजवळ उभी करून हँडब्रेक लावावा, चावी ऑन करावी आणि आधी डावा, मग उजवा इंडिकेटर व शेवटी चारही दिवे एकदम लावणारे हॅझर्डचे बटण दाबून प्रत्येक वेळी गाडीभोवती एक फेरी मारावी. पुढचा, मागचा आणि आरशावरचा किंवा मडगार्डवरचा असे प्रत्येक बाजूचे तीनही दिवे पाहावेत. संध्याकाळी भिंतीवर पडणाऱ्या प्रकाशामुळे मंद झालेला दिवाही सहज ओळखू येतो.

एकाच बाजूची टिकटिक नेहमीपेक्षा जलद होत असेल, तर त्या बाजूचा एखादा मोठा बल्ब पेटत नाही असे समजावे. साधारणपणे पुढे आणि मागे प्रत्येकी २१ वॅटचा बल्ब असतो. १२ व्होल्टवर असा एक बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. दोहोंपैकी एक बंद पडला की प्रवाह जवळजवळ निम्मा होतो आणि फ्लॅशर, म्हणजे दिव्याची उघडझाप घडवणारा रिले, मुद्दामच वेग वाढवतो, म्हणजे ती चालकाला दिलेली सूचना असते, फ्लॅशरचा दोष नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा व्हायला हवी, त्यामुळे शंका असेल तर घड्याळ लावून मोजून पाहावे.

एक बाजू पूर्ण बंद आणि दुसरी व्यवस्थित असेल, तर फ्लॅशरला सहसा दोष देता येत नाही. दोन्ही बाजू बंद पण हॅझर्ड चालू असेल, तर बल्ब बहुधा ठीक असतात आणि शोध फ्यूज, हॅझर्डचे बटण व स्टिअरिंगखालील कॉम्बिनेशन स्विच यांच्यापुरता उरतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत इंडिकेटरचा प्रवाह हॅझर्डच्या बटणातूनच जातो. हे बटण वर्षानुवर्षे कोणी दाबत नाही, त्यामुळे आतले संपर्क काळवंडतात. ते दहा-पंधरा वेळा दाबून सोडल्यावर इंडिकेटर पुन्हा सुरू झाला, तर दोष सापडला असे समजून बटण बदलावे. काहीच लागत नसेल, तर फ्यूज आणि फ्लॅशर पाहावेत. फ्यूज बदलताना झाकणावर लिहिलेल्या अँपिअरचाच घालावा. तो पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर पत्र्याला टेकली आहे, आणि अशा वेळी मोठा फ्यूज घालणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

बल्ब काढण्यासाठी दिव्याच्या मागचा होल्डर डावीकडे पाव फेरी फिरवून बाहेर घ्यावा, बल्ब किंचित आत दाबून तसाच डावीकडे वळवावा आणि आतली तार तुटली आहे का किंवा काच काळी पडली आहे का ते पाहावे. काच पारदर्शक असलेल्या दिव्यात पिवळसर-नारिंगी बल्ब लागतो आणि त्याच्या बुडाशी असलेल्या दोन खिट्ट्या समोरासमोर नसून किंचित सरकलेल्या असतात. त्यामुळे जुना बल्ब दुकानात सोबत नेणे उत्तम. त्यावरचा रंग पापुद्र्यासारखा निघून प्रकाश पांढरा पडू लागला असेल, तर बल्ब पेटत असूनही बदलावा, कारण नियमाप्रमाणे इंडिकेटर पिवळसर-नारिंगी रंगाचाच हवा.

बल्ब शाबूत असूनही दिवा लागत नसेल, तर होल्डर उजेडात धरून पाहावा. तळाशी असलेल्या पितळी पत्तीवर हिरवट-पांढरा थर, प्लॅस्टिक वितळून आलेला तपकिरी डाग किंवा दबून सैल झालेली पत्ती यांपैकी काहीतरी बहुधा आढळते. बारीक पॉलिश पेपरने पत्ती चकचकीत होईपर्यंत घासावी, कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा आणि पत्ती टोकदार वस्तूने हलकेच वर उचलावी. प्लॅस्टिक वितळलेले असेल तर घासण्यात वेळ घालवू नये, होल्डरच बदलावा. दिव्यात पाणी साचत असेल, तर मागच्या रबरी गॅस्केटची आणि काचेला गेलेल्या तड्याची दुरुस्ती आधी करावी, नाहीतर पुढच्या पावसात तेच काम पुन्हा करावे लागेल.

अर्थिंगचा बिघाड त्याच्या विचित्रपणावरून ओळखावा. ब्रेक दाबताच इंडिकेटर मंदावतो, किंवा इंडिकेटर लावल्यावर पार्किंगचा दिवाही त्याच तालावर लुकलुकतो, कारण परतीची वाट बंद झाल्याने प्रवाह शेजारच्या बल्बमधून मार्ग काढतो. येथे व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर सहज फसवतो: बल्ब काढून मोजल्यास गंजलेली वायरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, कारण भार नसताना तिच्यात व्होल्टेज पडतच नाही. म्हणून बल्ब बसवून आणि पेटवून होल्डरची अर्थिंगची वायर व बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मोजावे. बल्ब पेटलेल्या क्षणी अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर अर्थिंगचा बोल्ट सोडून खालचा पत्रा उघडा होईपर्यंत घासावा, बोल्ट घट्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी.

मागचे दिवे डिकीच्या दारावर असतील, तर बिजागरीजवळची रबरी नळी पाहिलीच पाहिजे. दार हजारो वेळा उघडल्याने आतल्या वायरी वरचे आवरण शाबूत असतानाही तुटतात. इंडिकेटर चालू ठेवून कोणालातरी दार सावकाश उघड-बंद करायला सांगावे. मध्येच दिवा गेला तर जागा सापडली. तिथे नुसते पीळ देऊन टेप गुंडाळणे टिकत नाही; मऊ वायरचा तुकडा डाखून वर गरम केल्यावर आवळून बसणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी.

हल्ली हौसेने एलईडी बल्ब लावले जातात आणि मग टिकटिक दुप्पट वेगाने होते म्हणून तक्रार येते. एलईडी फारच कमी प्रवाह घेतो, त्यामुळे फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखे वाटते. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळत असेल तर तो घालावा. त्याऐवजी प्रवाह वाढवण्यासाठी बल्बला समांतर ६ ओहमचा रेझिस्टर जोडला, तर तो चटका बसेल इतका तापतो, म्हणून प्लॅस्टिकपासून दूर, पत्र्यावरच बसवावा. माझे मत विचाराल तर मूळ बल्बच ठेवावा.

नव्या गाड्यांत वेगळा फ्लॅशर नसतो. उघडझाप बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिव्यांसारखी कामे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक, घडवतो आणि टिकटिक स्पीकरमधून येते. अशा गाडीत वायर टोचून किंवा थेट बॅटरीशी जोडून पाहू नये, कारण मॉड्यूल जळाल्यास खर्च बल्बच्या कितीतरी पट होतो. वळण घेतल्यावर इंडिकेटरचा दांडा आपोआप परत येत नसेल, तर स्विचमधील प्लॅस्टिकचा खटका झिजला आहे. तो बदलायला स्टिअरिंग काढावे लागते आणि त्यात एअरबॅग असल्यास हे काम घरी करू नये.

दुरुस्तीनंतर हेडलाइट, वायपर आणि ब्रेक एकत्र लावून इंडिकेटर पुन्हा तपासावा. एकट्याने नीट चालणारा दिवा सगळा भार पडल्यावर मंदावत असेल, तर अर्थिंग किंवा बॅटरीचे टर्मिनल अजून सैल आहे.