चर्चची इमारत सांभाळताना या चुका टाळा

साताऱ्यापासून मिरजेपर्यंत आपल्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत डागडुजीचा पैसा खर्च होतो तो डिसेंबरात. नाताळ तोंडावर आला की घाईने रंग. मग पावसाळ्यात त्याच भिंतीला पोपडे धरतात, ओल आली म्हणून रविवारच्या शाळेची मुले पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात बसतात, आणि नाताळला पुन्हा रंग. डागडुजीचा खरा मोसम ईस्टर आटोपल्यापासून मृगापर्यंतचा, म्हणजे साधारण 7 जूनपर्यंतचा. शाकारणी, पन्हळी साफ करणे, भिंतीतले पिंपळ मुळासकट काढणे तेव्हाच उरका. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला पश्चिमेच्या भिंतीला झडही, म्हणजे पावसाच्या माऱ्यासाठी आडोसा, तेव्हाच बांधावी लागते. रंग सगळ्यात शेवटी.

ओल कुठून येते हे न पाहता गवंडी बोलावणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डाग वरून खाली उतरत असेल तर फुटके कौल किंवा तुंबलेली पन्हळ बघा. ओल जमिनीकडून दोन-तीन फूट वर चढली असेल आणि भिंतीवर पांढरे मीठ फुलत असेल, तर पाणी खालून येते आहे. आपली जुनी चर्चेस काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली. चुना ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ती आत कोंडते, आणखी वर चढते, भिंतीत टेकलेल्या लाकडाची टोके कुजतात आणि मागोमाग वाळवी. ‘सिमेंट मारून टाकू, पुन्हा बघायला नको’ असे कोणी म्हटले तर त्याला चहा पाजा, पण काम देऊ नका. वाड्यांची कामे केलेला, चुना मळणारा गवंडी शोधा. आणि आवारातले पेव्हिंग ब्लॉक! आधीच्या फरशीवर थर चढवत गेले की आवार जोत्याच्या बरोबरीला येते आणि पावसाचे पाणी थेट भिंतीकडे वळते. आधी उतार बाहेरच्या बाजूला काढा, मग गिलाव्याचे बोला.

भेग दिसली की लांबी (पुट्टी) भरून बुजवू नका. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप सोसलेल्या इमारती या भागात आहेत. भेग तेव्हाची की वाढती, हे आधी कळायला हवे. भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर इंजिनिअरला बोलवा.

नदीकाठच्या मंडळ्यांनी कपाटाचा खालचा कप्पा विसरावा. 2019 मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. 2005 आणि 2021 सुद्धा आठवत असेल. बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरे माळ्यावर ठेवा, त्यांची पाने स्कॅन करून घ्या. अॅम्प्लिफायर नवा घेता येतो. आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद पुन्हा मिळत नाही.

नाताळची रोषणाई एकाच प्लगवर नको. पायऱ्यांवरचे शेवाळ घासा, कठडा बसवा. एकदा पाय घसरला की म्हातारी माणसे पावसाळाभर उपासनेला येत नाहीत आणि आपण म्हणतो, मंडळी थंड पडली.

आता माणसांचे. ज्याला उपदेश जमत नाही त्याला प्रॉपर्टी कमिटीत टाकायचे, ही आपली जुनी खोड. यरुशलेमेत विधवांना रोजचे अन्न वाटायला जे सात जण निवडले, ते आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेले, चांगल्या नावाचे होते (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6). काम अन्न वाढण्याचे, पण निवड मात्र पारखून. किल्ल्या एकाच थकलेल्या काकांकडे ठेवण्याऐवजी दोन तरुण त्यांच्या हाताखाली द्या. फ्यूज कुठे आहे, टाकीचा कॉक कुठला, हे काकांबरोबरच जाऊ नये.

आणि पैसा. दुरुस्तीचे दान सर्वसाधारण खात्यात मिसळले की ते पगार आणि प्रवासखर्चात विरते. बायबलमध्ये (2 राजे, अध्याय 12) योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांकडून यरुशलेमेतल्या मंदिराची डागडुजी झाली नव्हती. शेवटी यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली आणि पैसे कामावर देखरेख करणाऱ्यांमार्फत सुतार-गवंड्यांच्या हाती जाऊ लागले. तशी वेगळी पेटी, वेगळे खाते ठेवा. त्या देखरेख करणाऱ्यांकडून हिशेब कोणी घेत नसे, कारण ते प्रामाणिक होते, असेही तिथे लिहिले आहे. तेवढे मात्र उचलू नका. कौलांचे बिल पुढच्या रविवारी नोटीस बोर्डावर लावा.