पायथनमधून स्लॅकचा बॉट लिहिणाऱ्या नवीन पोरांसाठी

आयटी पार्कजवळ रूम करून नोकरी शोधून राहिलेली पोरं स्लॅकवर (ऑफिसच्या चॅटचं ॲप) आपोआप मेसेज पाठवणारा बॉट लिहिताना एरर का येतात, सारखं हेच विचारतात म्हणून लिहितो. पिप (लायब्ररी इन्स्टॉल करायचं टूल), टोकन (बॉटची चावी) वगैरे येतं असं धरून चालतो.

व्हिडिओत स्लॅकक्लायंट ही पायथनची लायब्ररी इन्स्टॉल करायला सांगितलं की तो बंद करा, 2020 पासून ती लायब्ररी स्लॅक एसडीके झाली आहे. स्कोप, म्हणजे बॉटच्या परवानग्या, वाढवला की ॲप परत इन्स्टॉल करा आणि बॉटला चॅनेलमध्ये इनव्हाइट करा, नाहीतर 'नॉट इन चॅनेल' येत राहील. हे किरकोळ आहे, होऊन जातं.

खरा घोळ टीएसचा, म्हणजे मेसेजच्या टाइमस्टॅम्पचा, मला यानेच रडवलं. मेसेज पाठवला की रिस्पॉन्समध्ये टीएस येतो, 1712345678.123459 असा, पॉइंटच्या आधी दहा आकडे, नंतर सहा. दिसतो नंबर पण आहे स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, आणि तोच त्या चॅनेलमधल्या मेसेजची ओळख. नंतर तोच मेसेज अपडेट करायचा तर टीएस जसाच्या तसा लागतो. आता हा एक्सेलमध्ये नंबर म्हणून गेला की संपलं, एक्सेल 15 च आकडे धरतं, इथे 16 आहेत, शेवटच्या 9 चा 0 होतो आणि 'मेसेज नॉट फाउंड' येतो. मेसेज समोर स्क्रीनवर दिसून राहिला आणि स्लॅकची एपीआय (ज्यातून आपला कोड स्लॅकशी बोलतो) म्हणते नाहीच! मग माणूस टोकन बदलतो, स्कोप बदलतो, सगळं बरोबरच असतं. पायथनमध्ये फ्लोट (दशांश नंबर) केला तरी तेच, शेवटी शून्य असलं तर परत स्ट्रिंग करताना ते गळून जातं. मोबाईल नंबरची कोणी बेरीज करतं का? मग याला पण नंबर करू नका, डेटाबेसमध्ये कॉलम टेक्स्टचाच ठेवा.

आणि ट्राय-एक्सेप्ट लावून खाली पास लिहू नका, म्हणजे एरर गिळून टाकू नका, अजिबात नाही. स्लॅक बरेचदा स्टेटस 200 (म्हणजे सगळं ठीक) देऊन आत 'ओके फॉल्स' पाठवतं, लायब्ररी त्याचं एक्सेप्शन करून देते, त्यातल्या रिस्पॉन्समधला एरर प्रिंट करा, कारण तिथेच लिहिलेलं असतं. सिनियरला तयार कोड मागण्यापेक्षा सोबत बसून तो एरर वाचायला सांगा. कीबोर्ड ओढून स्वतःच टाइप करणारा मेंटॉर कितीही हुशार असो, नवीन पोरांच्या कामाचा नाही.

429, म्हणजे फार भराभर रिक्वेस्ट पाठवल्याचा एरर, आला तर घाबरू नका. एका चॅनेलमध्ये सेकंदाला साधारण एकच मेसेज चालतो, रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये जेवढे सेकंद लिहिले तेवढं थांबायचं. लायब्ररीत यासाठी आपोआप थांबून परत पाठवणारा हँडलर तयार आहे, फक्त तो क्लायंटला आपण जोडावा लागतो.