अलास्का हायवेने जाताय? मग तो कोणी बांधला ते बघत बघत जा

उन्हाळ्यात अलास्काची रोडट्रिप ठरवताना आपल्या लोकांच्या लिस्टमध्ये ग्लेशियर आणि अस्वलं असतात, फार तर मध्यरात्रीचा उजेड. पण ज्या रस्त्यावरून जाणार तो १९४२ मध्ये अमेरिकन आर्मीने आठेक महिन्यांत जंगल तोडून काढलाय, आणि दहा हजारांवर सैनिकांमध्ये साधारण तिघांत एक काळा होता, वेगळ्या रेजिमेंटमध्ये ठेवलेला, कारण आर्मीत तेव्हा तसाच नियम होता. हे माहीत असलं की रस्ता वेगळाच दिसतो, खरंच सांगते.

सुरुवात डॉसन क्रीकपासून करा. हा भाग कॅनडात येतो, त्यामुळे अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसावर असाल तर कॅनडाचा व्हिसा आधीच काढा. पेट्रोल पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी आहे म्हणून पुढे जायचं नाही. शाकाहारी असाल तर डाळ-तांदूळ सोबत ठेवा.

पहिला थांबा सिकानी चीफ नदी. इथे घाईने पूल ओलांडून जाऊ नका, खाली उतरून पाण्यात हात घालून बघा. काळ्या सैनिकांच्या ९५व्या रेजिमेंटची मोठी मशिन्स गोऱ्या रेजिमेंटला देऊन टाकली होती, तरी या पोरांनी करवती-कुऱ्हाडी घेऊन, असल्या गार पाण्यात उभं राहून चार दिवसांच्या आत लाकडी पूल उभा केला. तो जुना पूल आता नाही, नदी तीच आहे.

पुढे कॅनडाच्याच युकॉन भागात टेस्लिनच्या आसपासचा रस्ता ९३व्या रेजिमेंटचा, आणि बीव्हर क्रीकजवळ २५ ऑक्टोबर १९४२ ला दोन्ही बाजू जुळल्या, इकडून काळा कॉर्पोरल रिफाइन्स सिम्स, तिकडून गोरा प्रायव्हेट आल्फ्रेड जालुफ्का. अलास्कात आता २५ ऑक्टोबर हायवे बांधणाऱ्या काळ्या सैनिकांच्या नावाने पाळतात.

गावांमध्ये त्यांच्या खुणा शोधत बसू नका, मिळणार नाहीत फारशा. अलास्काचा कमांडर जनरल बकनर याला भीती होती की हे लोक इथेच राहतील, लग्नं करतील, म्हणून त्यांना वस्तीपासून लांबच ठेवलं होतं. खुणा रस्त्यावरच आहेत.

अलास्कातल्या टोक नावाच्या गावाला आलात की दोन फाटे. सरळ डेल्टा जंक्शनकडे गेलात तर गर्स्टल नदीचा पूल लागतो, १९९३ मध्ये त्याला ब्लॅक व्हेटरन्स मेमोरियल ब्रिज नाव दिलं. अँकरेजला वळलात तर स्लाना लागतं, तिथून टोकपर्यंतचा रस्ता ९७व्या रेजिमेंटने काढला. वेळ असेल तर आधी पूल बघून टोकला परत या, माझ्या मते तेवढं ड्रायव्हिंग नक्की करावं.

अँकरेजमध्ये किमान दोन दिवस द्या. बकनर ज्याला घाबरत होता ते झालंच, युद्धानंतर लष्करी तळांमुळे आणि पुढे तेलाच्या पाइपलाइनच्या कामामुळे काळी कुटुंबं इथे स्थायिक झाली. बऱ्याच भागांत घराच्या कागदांवरच काळ्यांना विकू नये अशी अट असायची, म्हणून फेअरव्ह्यू आणि आसपास त्यांची वस्ती वाढली. तिथे पायी फिरा. महाला ॲशली डिकरसन यांच्याबद्दल नक्की वाचून जा, अलास्कातल्या पहिल्या काळ्या वकील, वसिला गावाजवळ स्वतःची होमस्टेड जमीन (वस्ती करण्याच्या अटीवर सरकारकडून मिळणारी) घेऊन राहिल्या. रविवारी चर्चला जाणार असाल तर वेळेत जा, नीट कपडे घाला, मोबाईल खिशात ठेवा, लोक स्वतःहून बोलायला आले तर थांबून गप्पा मारा.

आणि जमलं तर १९ जूनच्या सुमारास अँकरेजला पोचाल असं बघा, जूनटीन्थ असतो, म्हणजे काळ्यांची गुलामगिरी संपल्याचा सण. त्या हिशोबाने डॉसन क्रीकहून दहा दिवस आधी निघा, वाटेत थांबे भरपूर आहेत.