मोरपंखी मोरपंखीच दिसावा म्हणून: फोटो एडिटिंगसाठी मॉनिटर कॅलिब्रेट कसा करावा

मागे येवल्याच्या एका विणकर कुटुंबासाठी पैठण्यांचा कॅटलॉग केला होता. घरी मॉनिटरवर मोरपंखी काठ असा झळकत होता की मीच माझ्यावर खूश. छापून आला तेव्हा मोरपंखीचा बाटलीसारखा हिरवा झालेला, डाळिंबी पदर जवळजवळ आमसुली, आणि सगळं दिवेलागणीला काढल्यासारखं. घरातल्या आजींनी साडी आणि कॅटलॉग शेजारी ठेवून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही आमची नाही." मी तावातावाने नाशिकला लॅबवाल्याकडे गेलो. त्याने काही न बोलता माझीच फाइल त्याच्या स्क्रीनवर उघडली. तिथेही काळोखच.

चूक माझ्या टेबलावर होती. मॉनिटर कॅलिब्रेट न करता, म्हणजे त्याचा उजेड आणि रंग ठरलेल्या मापावर न आणता, खोक्यातून काढला तसाच वापरत होतो: ब्राइटनेस पूर्ण, मोड 'विविड'. स्क्रीन इतकी उजळ की प्रत्येक फोटो भगभगीत वाटायचा आणि मी तो आणखी गडद करत बसायचो. प्रिंट काळी येते या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. म्हणून रंगांना हात लावण्याआधी उजेडाचं बघायचं.

आधी खोली

माझ्या गंगापूर रोडच्या घरात कामाची खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी चारनंतर ऊन थेट स्क्रीनवर यायचं. सकाळी केलेला फोटो संध्याकाळी परका वाटायचा. जाड पडदा लावला आणि दिवसभर एकच पांढरा दिवा ठेवला. मॉनिटरमागची भिंत पांढरी किंवा राखाडी असावी. पोपटी भिंतीसमोर बसलात तर डोळा तिला भरपाई देतो आणि फोटोतली त्वचा उगाच गुलाबी वाटायला लागते. भगवा कुर्ता घालून बसलात तर त्याची झाकही काचेवर पडते, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

कॉम्प्युटरमधला, रात्री स्क्रीन पिवळसर करणारा नाइट लाइट आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे आपोआप ब्राइटनेस बदलणारी सोय, दोन्ही बंद करा.

मग मॉनिटरची बटणं

मॉनिटर सुरू करून अर्धा तास तापू द्या, चहा घ्या. मग त्याच्या मेनूत जाऊन फॅक्टरी रीसेट करा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, गेमिंग-सिनेमा असले सगळे मोड काढून टाका आणि 'यूजर' किंवा 'कस्टम' निवडा. काही मॉनिटरमध्ये 'एसआरजीबी' (रंगांची एक ठरावीक चौकट) मोड असतो. रंग मोजायचं यंत्र नसेल तर तो वापरायला हरकत नाही, फक्त त्यात ब्राइटनेस बदलता येतो ना ते पाहा. पुष्कळदा तो कुलूपबंद असतो.

फोटोच्या कामाला ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढा उजेड पुरतो. मोजायला काही नसेल तर एक कोरा पांढरा कागद घ्या, नेहमीच्या दिव्याखाली मॉनिटरशेजारी धरा, स्क्रीनवर रिकामं पांढरं पान उघडा आणि दोन्ही साधारण सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. सवय होते.

डोळ्यांनी की यंत्राने

विंडोजमध्ये सर्चमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' टाका. एकेक पट्ट्या दाखवत ते गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते), ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि रंगांचा तोल लावून घेतं. मॅकमध्ये हेच काम डिस्प्ले सेटिंगमधल्या कलर प्रोफाइलखाली होतं. पण खरं सांगतो, डोळा हे भरवशाचं मोजमाप नाही. समोर असेल त्या पांढऱ्याला तो पाच मिनिटांत 'पांढरा' मानून मोकळा होतो.

पैसे घेऊन काम करत असाल तर कलरिमीटर, म्हणजे स्क्रीनचा रंग मोजणारं यंत्र, हवाच. स्पायडर, कॅलिब्राइट ही त्यातली नेहमीची नावं. एकट्याला परवडत नसेल तर तीन-चार फोटोग्राफरांनी मिळून एक घ्यावा. महिन्यातून एकदाच लागतो. स्क्रीन किंचित मागे कलवा, यंत्र मधोमध लटकवा, ते काचेला सपाट टेकलं पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट पॉइंट (पांढरा किती पिवळसर किंवा निळसर ते) ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि ब्राइटनेस १०० कँडेलाच्या आसपास ठेवा. स्क्रीनवर एकामागून एक रंगांचे चौकोन येतात, यंत्र ते मोजतं. शेवटी डेल्टा ई नावाचा आकडा मिळतो: हवा तो रंग आणि दिसला तो रंग यांतलं अंतर. सरासरी दोनच्या खाली असेल तर निश्चिंत राहा. या मोजणीतून तयार झालेलं प्रोफाइल सेव्ह करताना नावात तारीख घाला. सोबतच्या सॉफ्टवेअरवर समाधान नसेल तर डिस्प्लेकॅल हे मोफत मिळतं.

प्रोफाइल म्हणजे काय, आणि काय नाही

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आयसीसी प्रोफाइल म्हणजे तुमच्या मॉनिटरच्या स्वभावाचं वर्णन. हा लाल थोडा जास्त दाखवतो, हिरवा कमी, असं. फोटोशॉप, लाइटरूम, गिंप ते वाचतात आणि त्याप्रमाणे रंग सांभाळून दाखवतात. जे प्रोग्रॅम वाचत नाहीत, त्यांत तोच फोटो वेगळा दिसतो.

म्हणून मॉनिटरचं प्रोफाइल फोटोशॉपची वर्किंग स्पेस (फोटोचे रंग ज्या चौकटीत ठेवायचे ती) म्हणून कधीही निवडू नका. तिथे एसआरजीबी ठेवा. ही १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने आणली आणि आजही फोन, वेबसाइट, बहुतेक लॅब तीच धरून चालतात. १९९८ च्या अ‍ॅडोबी आरजीबीत हिरव्या-निळ्याकडचे रंग जास्त मावतात, त्यामुळे गडद मोरपंखीला तिचा मोह होतो. पण प्रोफाइल न बघणाऱ्या लॅबला तशी फाइल दिलीत तर रंग फिके, धुतल्यासारखे येतात.

रूपांतर करताना 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरा. त्यात फाइलमधले रंगांचे आकडे बदलतात, रंग शक्य तितका तोच राहतो. 'असाइन प्रोफाइल'मध्ये आकडे तेच राहून रंग बदलतो. एक्सपोर्ट करताना प्रोफाइल एम्बेड करण्याची खूण करायला विसरू नका.

लॅबला देण्याआधी

लॅबकडे त्यांच्या कागदाचं प्रोफाइल मागा. मिळालं तर फोटोशॉपच्या प्रूफ सेटअपमध्ये ते लावून छापल्यावर कसं दिसेल याचा अंदाज घेता येतो. नाही मिळालं तर करिझ्मा अल्बम असो वा कॅटलॉग, आधी चार बाय सहाची एक प्रिंट काढून घ्या. ती दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहू नका, सकाळी दहाच्या सुमारास गॅलरीत सावलीत पाहा. ट्यूबखाली जुळलेले दोन रंग दिवसाच्या उजेडात वेगळे निघू शकतात.

धूपछाव पैठणीत उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगाचा असतो, बघण्याची बाजू बदलली की साडी बदलते. तिथे कुठला रंग खरा धरायचा हे विणकरालाच विचारा. आणि जरीची चमक कुठल्याच प्रोफाइलमध्ये बसत नाही. ती हवी असेल तर लाइट तिरका लावून फोटो पुन्हा काढा.