फवारणीच्या आधी बांधावरची ही मोठी माशी ओळखा

पावसाने उघडीप दिली आणि कडक ऊन पडलं की खुंटावर, वाळक्या काटकीवर नाहीतर कुंपणाच्या तारेवर एक लांबोडकी, केसाळ माशी बसलेली दिसते, कोणी गांधीलमाशी समजून मारतं तर कोणी नवीन कीड आली म्हणून लगेच औषध विचारतं. कृपा करून काही मारू नका. ही रॉबर फ्लाय, म्हणजे दरोडेखोर माशी, पिकाला तोंडसुद्धा लावत नाही.

ओळख सोपी आहे. पंख दोनच (गांधीलमाशीला चार असतात), दोन मोठ्या डोळ्यांच्या मधे डोक्यावर खोलगट खाच, आणि तोंडावर राठ मिशा, धडपडणाऱ्या शिकारीपासून तोंड वाचवायला. पाच मिनिटं लांबून बघत राहा, उडता नाकतोडा ती हवेतच धरते, सोंड खुपसून लाळ सोडते, तो लुळा पडतो, आतलं सगळं विरघळतं आणि मग ती शोषून घेते.

पण मला जास्त मोल वाटतं ते मातीतल्या तिच्या अळीचं, कारण बऱ्याच जातींच्या अळ्या जमिनीत राहून हुमणीसारख्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर जगतात. नांगरताना नीट बघा: हुमणी वाकडी, तपकिरी डोक्याची, सहा पायांची, आणि हिची अळी पांढरट, सरळ, दोन्ही टोकांना निमुळती, बिनपायाची. ती दिसली तर परत मातीत ढकला. हिची एक पिढी पूर्ण व्हायला 1 ते 3 वर्षं लागतात, त्यामुळे हुमणी न मोजताच सरसकट जमिनीत औषध ओतलं तर ही लवकर परत येत नाही.

मधमाश्या पाळणाऱ्यांची तक्रार मात्र खरी आहे, ही मित्रकीड-शत्रुकीड बघत नाही, मधमाश्याही उचलते. अर्जेंटिनाच्या पांपा गवताळ भागात मॅलोफोरा रुफिकाउडा नावाची मोठी जात आहे, तिची मादी उंच गवताच्या काडीवर किंवा कुंपणावर अंडी घालते, बारीक अळ्या वाऱ्याने पसरून जमिनीत शिरतात आणि हुमणीला चिकटून तिला खातात, आणि तीच माशी मोठी झाली की पोळ्याजवळ मधमाश्या मारते. असा त्रास झाला तर पेट्यांजवळ हाताच्या जाळीने पकडा, शेतभर फवारू नका.

बाकी फवारणी लागलीच तर कीड आहे तेवढ्याच भागात आणि ऊन उतरल्यावर करा, ही भर उन्हात शिकार करते. बांधावरच्या चार काटक्या राहू द्या. आणि मुलांना ती हातात धरू देऊ नका, आपणहून अंगावर येत नाही पण दाबली गेली तर सोंड खुपसते आणि चांगलंच दुखतं.