बहिऱ्या मोत्याला हाताची भाषा कशी शिकवली

आमचा कुत्रा मोत्या अकरा वर्षांचा. गेल्या दिवाळीनंतर त्याचे कान पार गेले. गुहागरच्या आमच्या आगरात नारळ काढणारा पाडेली माडावरून "सरा रे!" म्हणून ओरडला, तरी हा बुंध्याशी निवांत पडलेला. नारळ त्याच्या शेपटीपासून वीतभरावर आदळला. त्याच दिवशी ठरवलं, याला हाताच्या खुणा शिकवायच्या.

वाट सापडली ती वाशूमुळे. १९६६ साली अमेरिकेत नेवाडा विद्यापीठातल्या ॲलन आणि बीट्रिक्स गार्डनर या जोडप्याने या चिंपांझीच्या पिल्लाला तिथल्या बहिऱ्यांची खूणभाषा शिकवायला घेतली. त्याआधी विकी नावाच्या चिंपांझीला बोलायला शिकवण्याची खटपट झाली होती. तिला जेमतेम चार शब्द जमले. वाशूसमोर कुणी तोंडाने बोलायचं नाही, असा गार्डनरांचा नियम होता. सव्वाचार वर्षांत तिला १३२ खुणा आल्या.

तेव्हा तुम्हीही आधी तोंड बंद ठेवा. आपण बोलत राहिलो की हात अर्धवटच हलतो.

तीन खुणा पुरे. "ये" म्हणजे दोन्ही हात छातीकडे ओढायचे, "थांब" म्हणजे उघडा तळवा, "सर" म्हणजे हात आडवा झटकायचा. घरात सगळ्यांची खूण एकच हवी. आई "थांब"साठी बोट नाचवायची, तेव्हा मोत्या चार दिवस बावरलेला होता. मोत्या झोपतो त्या बाकावर टिचकी मारा, हादरा जाणवून त्याने पाहिलं की खूण करा, आणि मगच बांगड्याचा तुकडा द्या. तुकडा आधी दिसला तर तो हात बघतच नाही. वाशूचे हात धरून खुणेचा आकार करून देत असत. मी तुकडा मुठीत धरून मोत्याला हवं तिकडे नेलं.

आता खरी मेख. वाशूची खूण पक्की धरायला, ती सलग १५ दिवस रोज, आपणहून आणि योग्य जागी दिसावी लागे. पुढे अशाच खुणा शिकवलेल्या निम नावाच्या चिंपांझीच्या चित्रफिती मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट टेरेसने तपासल्या, तेव्हा बऱ्याच खुणा शिक्षकाच्या आधीच्या हालचालीची नक्कल निघाल्या. आपणही नकळत मान हलवतो, वाडग्याकडे बघतो. म्हणून मी बायकोला माझ्याकडे पाठ करून बसवलं. तिने फक्त मोत्याकडे बघायचं आणि मी कोणती खूण केली ते सांगायचं. पहिल्या दिवशी दहातल्या चार वेळा तिचं बरोबर आलं. माझा हात खांद्याखालीच राहत होता आणि सुपारीच्या गर्द सावलीत दिसतच नव्हता. उन्हात उभा राहून हात डोक्यावर नेला, तेव्हा नऊ वेळा बरोबर आलं. रोज कॅलेंडरवर रेघ मारा. एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

रात्री टॉर्च दोनदा जमिनीवर लुकलुकवा, डोळ्यांवर नको. झोपेतून उठवताना अंगाला एकदम हात लावू नका, तो दचकून चावेल. आधी तळहात नाकाशी धरा, वास आला की तो आपणच डोळे उघडतो.